दर्शनी भिंत आणि दिंडी दरवाजा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०१९ सालची गोष्ट. माझी मुलगी नुकतीच ऐरोलीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायच्या नोकरीला लागली होती. सकाळी अंबरनाथहून लोकल, ठाण्याला गाडी बदलायची, तिथून ऐरोली. परत यायला रात्रीचे नऊ वाजायचे. एकदा जेवताना तिचा फोन वाजला. डाव्या हातानं तो कानाला लावून ती पलीकडच्या कुणाला तरी शांतपणे सांगू लागली, ‘‘आतलं काही तोडू नकोस. आहे तसं राहू दे. पुढे फक्त एक फसाड उभं कर, बस्स.’’

माझा घास हातातच राहिला. मला ऐकू आलं होतं ‘फसाद’. उर्दूत फसाद म्हणजे दंगाधोपा. १९८४ साली भिवंडीत दंगल झाली तेव्हा मी शाळेत होतो; घरातली मोठी माणसं दाराला कडी लावून हळू आवाजात हा शब्द उच्चारायची. १९९२-९३ साली तो पुन्हा कानावर आला. आणि आता माझी मुलगी डाळभात कालवता कालवता कुणाला तरी फसाद उभा करायला सांगत होती!

फोन ठेवल्यावर मी विचारलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. ‘‘अब्बा, द नाही, ड. फसाड! इमारतीचा पुढचा भाग असतो ना, दर्शनी भाग, तो. आम्ही सॉफ्टवेअरमध्येही बांधतो.’’

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. संगणकाशी माझा संबंध कविता टंकित करण्यापुरता. पण रूपक हा तर आमचा पिढीजात धंदा! संगणकवाल्यांनी गवंड्याच्या धंद्यातून रूपक उचललं आहे म्हटल्यावर मला गप्प बसवेना. मग पुढचे कितीतरी रविवार मी तिच्याकडून हे प्रकरण समजून घेतलं. त्यातलं जे मला कळलं, ते तुम्हाला सांगतो.

आधी शब्द. इटालियन भाषेत ‘फाच्चा’ म्हणजे चेहरा. त्यावरून इमारतीच्या तोंडवळ्याला ‘फाच्चाता’ म्हणू लागले. तिथून तो शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि फ्रेंचमधून इंग्रजीत. फ्रेंच लोक त्याचा उच्चार जवळजवळ ‘फासाद’ असाच करतात. म्हणजे माझा कान फारसा चुकला नव्हता. मुलीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘ठीक आहे, अर्धा मार्क.’’

आता वस्तू. समजा, तुम्ही बदलापूर स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीपाशी उभे आहात. तुम्ही म्हणता, ‘‘एक ठाणे रिटर्न.’’ पैसे सरकवता, तिकीट घेता आणि जिन्याकडे धावता. एवढ्या व्यवहारात तुम्हाला काय काय ठाऊक असावं लागतं? जायचं ठिकाण, आणि परत यायचं आहे की नाही, इतकंच. अंतर किती किलोमीटर, त्याला कोणता दर लागतो, विकलेल्या तिकिटाची नोंद कुठे होते, दिवसाअखेर रोकड कशी जुळवतात, ती कुठे भरतात, यातलं काहीही तुम्हाला कळायची गरज नाही. ते सगळं खिडकीच्या आत. मुलगी म्हणाली, ‘‘झालं, हेच फसाड. आत पन्नास खोल्या असू देत. बाहेरच्या माणसाला एकच खिडकी आणि दोनच शब्द.’’

सॉफ्टवेअरमध्ये या पन्नास खोल्या म्हणजे प्रोग्रॅमचे वेगवेगळे भाग. एक भाग पैशांचा हिशेब ठेवतो, एक नावं शोधतो, एक तारखा तपासतो, एक पावती छापतो. नवीन काम करणाऱ्याला प्रत्येक खोलीत जाऊन प्रत्येकाशी त्याच्या त्याच्या भाषेत बोलावं लागलं तर तो वेडा होईल. म्हणून सगळ्यांच्या पुढे एक लहानसा प्रोग्रॅम उभा करतात. बाहेरचा माणूस त्याच्याशी दोन शब्द बोलतो. आत धावपळ करायची ती हा करतो.

माझ्या लहानपणी याच खिडकीतून पुठ्ठ्याचं तिकीट मिळायचं. आत लाकडी खणांत स्टेशनवार गठ्ठे लावलेले असत. बाबू एक तिकीट ओढायचा, यंत्रात घालून खटॅक करून तारीख उठवायचा आणि पुढे टाकायचा. मग संगणक आला, कागदी तिकीट आलं. मध्ये कूपनं आली आणि गेली. आता तर लोक मोबाइलवरच तिकीट काढतात. पण आपण मागतो ते अजून तेच: इथून तिथे, सिंगल की रिटर्न. बदलापूरच्या नावाची एक कथा सांगतात, की इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर. खरी-खोटी इतिहासकार जाणोत, पण मला ती इथे फार उपयोगी पडली. थकलेला घोडा जातो, ताजा येतो, स्वाराचा रस्ता तोच राहतो. दर्शनी भागाचा मोठा फायदा हाच आहे. आतले घोडे बदलले तरी बाहेरच्या माणसाला काही नवं शिकावं लागत नाही. डेव्हिड पार्नास नावाच्या संगणकशास्त्रज्ञानं १९७२ सालीच एका निबंधात हे मांडलं होतं: पुढेमागे जे बदलण्याचा संभव आहे, ते एकेका भागाच्या पोटात झाकून ठेवा, म्हणजे बदलाचा धक्का इतरांना लागणार नाही.

रेल्वेच्या आरक्षणात तर हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. पूर्वी दुसऱ्या शहरातून निघणाऱ्या गाडीचं आरक्षण हवं असेल तर इथून तार जायची आणि तिकडच्या उत्तराची वाट पाहावी लागायची. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं. १९९४ मध्ये सिकंदराबादला ‘कॉन्सर्ट’ नावाची नवी प्रणाली बसली. १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. आता बदलापूरला बसून हावडा ते पाटणा तिकीट मागा, मिळतं. फॉर्मवर आपण गाडी, तारीख, नाव, वय लिहितो. आत मात्र सर्वसाधारण कोटा, महिलांचा कोटा, तत्काळ, मधल्या स्टेशनांचा कोटा, प्रतीक्षायादी, कुणी तिकीट रद्द केलं तर कोण वर सरकणार, असं एक गावच्या गाव नांदत असतं. तिकिटावरच्या दहा आकडी पीएनआरचा पहिला आकडा पाहिला की ते आरक्षण कोणत्या केंद्राच्या संगणकात आहे हे जाणकाराला कळतं. भिंत कितीही चांगली लिंपली तरी आतलं थोडं बाहेर डोकावतंच.

हे सगळं संगणकवाल्यांना इमारतींवरून कसं सुचलं, ही कथाही ऐकण्यासारखी आहे, आणि तिची सुरुवात चक्क गुजरातमधल्या एका खेड्यात होते. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हा १९३६ साली व्हिएन्नात जन्मलेला, इंग्लंडमध्ये गणित आणि वास्तुकला शिकलेला माणूस. तरुणपणी तो गुजरातच्या एका खेड्यात काही महिने राहिला. पाणी, गुरंढोरं, शेती, जातपात अशा गावाच्या १४१ गरजा त्यानं लिहून काढल्या आणि कोणती गरज कोणत्या गरजेत गुंतलेली आहे ते तपासलं. एकमेकींत घट्ट गुंतलेल्या गरजा एका गटात ठेवायच्या आणि दोन गटांमधले धागे होतील तितके कमी करायचे, ही त्याची रीत. १९६४ साली ते पुस्तकात आलं. ते वास्तुविशारदांच्या आधी संगणकवाल्यांनीच मनावर घेतलं म्हणायला हरकत नाही. पुढे १९७७ मध्ये त्यानं सहकाऱ्यांसह घर, गल्ली, शहर यांच्या बांधणीचे २५३ नमुने एका जाड ग्रंथात दिले. त्यातला एक असा आहे, की रस्त्यावरून थेट दारात पाऊल पडू नये, मध्ये थोडी जागा हवी. हे वाचून मला हसू आलं. आपल्या आज्या-पणज्या ओट्यावर बसून आणखी काय करत होत्या?

१९८७ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोन अमेरिकन प्रोग्रॅमरांनी ही ‘नमुन्यां’ची कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणली. १९९४ च्या अखेरीस चार लेखकांचं पुस्तक निघालं: गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस. त्या क्षेत्रात त्यांना ‘चौकडी’ म्हणूनच ओळखतात. त्यांनी २३ नमुने दिले आणि त्यातल्या एकाचं नाव ठेवलं फसाड.

इथवर मी खुशीत होतो. मग मी मुलीला माझी शंका विचारली. ‘‘तू त्या दिवशी फोनवर म्हणालीस, आतलं काही तोडू नकोस, पुढे फक्त फसाड उभं कर. म्हणजे आत जे सडलं असेल ते तसंच ठेवायचं?’’ ती जरा वेळ गप्प राहिली. म्हणाली, ‘‘आतला प्रोग्रॅम पंधरा वर्षांचा जुना आहे, अब्बा. लिहिणारे सोडून गेले. एक वीट काढली तर काय पडेल, कुणाला माहीत नाही.’’

हे वाक्य ऐकलं आणि मला उल्हासनगर आठवलं. माझं कॉलेज तिथलं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करानं मोठा तळ उभारला. दोन हजारांवर बराकी, एका साच्याच्या, ओळीनं. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेली कुटुंबं त्या बराकींत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तळाचं नामकरण झालं, उल्हासनगर. नाव बदललं तरी लोकांच्या तोंडी पाच कॅम्प राहिले ते आजतागायत. एका बराकीत पडदे लावून अनेक बिऱ्हाडं. पडद्याची भिंत झाली, भिंतीवर पोटमाळा चढला, पुढे दुकान निघालं, मागे कारखाना, वर मजले. कुणी नकाशा काढला नव्हता. ज्याला जेव्हा जे लागलं, त्यानं तेव्हा ते बांधलं.

ब्रायन फूट आणि जोसेफ योडर या दोन अमेरिकन संगणकवाल्यांनी १९९७ साली एक निबंध लिहिला. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो ‘चिखलाचा मोठा गोळा’. त्यांचं म्हणणं, जगातली बहुतेक सॉफ्टवेअरं आराखड्याबरहुकूम नसतातच. ती अशा वस्तीसारखी वाढतात, घाईत, स्वस्तात, हाताशी असेल त्यातून. पण ते नाकं मुरडत नाहीत, हे मला आवडलं. अशी वस्ती चालते, लोकांची गरज भागवते, म्हणून ती टिकते, हे ते मान्य करतात. उल्हासनगर तसंच चाललं. कपडा, फर्निचर, जीन्स, जे मागाल ते. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकला आहे. तो सांगताना सिंधी दुकानदार स्वतःच आधी हसतो. वस्तूच्या चेहऱ्याचं मोल त्याच्याइतकं कुणाला कळणार!

पण याच शहराची दुसरी बाजूही आहे. २००५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानं ८५५ अनधिकृत इमारतींवर हातोडा पडायची वेळ आली आणि २००६ मध्ये राज्याला एकट्या उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा करावा लागला. कायद्यानं कागद सरळ होतो, सिमेंट नाही. २०२१ च्या मे महिन्यात दोन आठवड्यांच्या आत तिथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर. झोपलेली, टीव्ही बघणारी, जेवणारी माणसं गेली. त्या आठवड्यात मी एका जुन्या मित्राला भेटायला तिकडे गेलो. त्याच्या इमारतीचं प्रवेशद्वार नव्या चकचकीत टाइल्सचं. जिन्यात मात्र छताचं प्लास्टर गळून लालभडक गंजलेल्या सळया दिसत होत्या. ‘‘पुढचं काम मागच्या दिवाळीत केलं,’’ तो म्हणाला. ‘‘सगळ्यांनी वर्गणी काढली. सळयांसाठी कुणी काढत नाही.’’

मी घरी येऊन मुलीला हे सांगितलं. तिनं वाद घातला नाही. मार्टिन फाउलर नावाच्या प्रोग्रॅमरनं २००४ साली सुचवलेली एक रीत तिनं मला सांगितली. ऑस्ट्रेलियात त्यानं दुसऱ्या झाडाला कवळून वाढणारी वडाच्या जातीची झाडं पाहिली होती. तसं करायचं. जुन्या प्रोग्रॅमपुढे दर्शनी भाग उभा करायचा, म्हणजे बाहेरचे लोक निर्धास्त होतात. मग आतली एकेक खोली सावकाश रिकामी करून नव्यानं बांधायची, शेवटी जुन्यातलं काही उरत नाही. ‘‘दर्शनी भागानं फक्त वेळ मिळतो, अब्बा. तो वेळ आतल्या कामाला लावला नाही, तर मग तुमच्या मित्राच्या टाइल्स.’’ आणि तिच्या कंपनीत? ‘‘दोन खोल्या झाल्या. बाकीच्यांना बजेट नाही.’’

त्याच सुमारास एका संध्याकाळी आम्ही दोघं अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो होतो. घरापासून चालत जाण्याजोगं आहे, म्हणून फारसं जाणं होत नाही, असं आपलं होतंच. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख तिथे आहे, शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातला. मुलगी भिंतीकडे पाहत म्हणाली, ‘‘हे तर उलटंच आहे!’’ आणि खरंच. तिकिटाच्या खिडकीत गुंता आत आणि सोपेपणा बाहेर. इथे सगळा गुंता बाहेरच्या भिंतीवर. देव, देवी, पशू, वेलबुट्टी, कोपऱ्यावर कोपरा. बोटभर जागा मोकळी नाही. आणि आत? मंडपातून पायऱ्या उतरत खाली गाभाऱ्यात जायचं. तिथे अंधार, गारवा आणि वर उघडं आकाश.

मग इतक्या गुंत्यानं डोळा भांबावत कसा नाही? हे मंदिर भूमिज शैलीतलं. शिखराच्या चार बाजूंना चार उभे पट्टे आणि मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा, एकीवर एक. लहान आकार मोठ्याचीच प्रतिकृती. एक छोटं शिखर नीट पाहिलं की सगळं कळसापर्यंत ओळखीचं वाटू लागतं. गुंता आवरायची ही दुसरी तऱ्हा: काहीही न झाकता एकच नियम पुन्हा पुन्हा वापरायचा. आम्हा कवींना ही तऱ्हा जवळची. ओवी काय, गझल काय, त्याच साच्यावर उभ्या असतात. पण नगरपालिकेच्या कचेरीत तिचा उपयोग नाही हेही मला समजतं. दाखला काढायला आलेल्या माणसानं कोरीवकाम बघत बसायचं का?

दाखल्यावरून माझ्या अम्मीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळ्यात जास्त मला तिच्याकडून कळलं.

अब्बा वारल्यापासून अम्मीला त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. रक्कम फार नाही, पण ती तिची स्वतःची आहे, त्यातून नातवंडांना ईदी देताना तिची मान ताठ असते. दर नोव्हेंबरात तिनं हयात असल्याचा दाखला द्यायचा. २०१९ च्या नोव्हेंबरात मी तिला रिक्षानं एका कार्यालयात घेऊन गेलो. कार्यालयाचं नाव सांगत नाही, तशी दहा असतील. पूर्वी तिथे चार टेबलं फिरावं लागे. आता एकच खिडकी, स्वच्छ, टोकन, बसायला खुर्च्या. मला आनंदच झाला. खिडकीतल्या मुलानं यंत्र पुढे केलं. अम्मीनं अंगठा ठेवला. पडद्यावर आलं, ‘जुळत नाही’. दुसरं बोट. जुळत नाही. दहाही बोटं झाली. मुलगा सज्जन होता. त्यानं तिची बोटं ओल्या फडक्यानं पुसून पाहिली. शेवटी म्हणाला, ‘‘आजी, सिस्टीम घेत नाही. पुढच्या आठवड्यात या.’’

अम्मीनं तीस वर्षं घरी शिलाई केली. उल्हासनगरच्या कारखान्यांतून गठ्ठे यायचे. काज-बटण करायचं, धागे कापायचे. तिच्या बोटांवर रेषा उरल्याच नाहीत. ‘‘मेरा अंगूठा तो काम में घिस गया, बेटा,’’ ती त्या मुलाला म्हणाली, जणू माफी मागत होती.

तीन खेपा झाल्या. डिसेंबरपासून पैसे बंद. जी बाई खिडकीसमोर खुर्चीत बसून बोलत होती, ती जिवंत आहे हे लिहायला त्या मुलाच्या पडद्यावर जागा नव्हती. ‘‘मॅन्युअल काही आहे का?’’ मी विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्यानं कामाला लागल्यापासून फक्त पडदा पाहिलेला. फेब्रुवारीत बाजूच्याच इमारतीतल्या एका निवृत्तीला टेकलेल्या कारकुनानं सांगितलं, अहो, छापील फॉर्म आहे की, अधिकाऱ्याची सही घेऊन टपालानं पाठवा, नियमात आहे. फॉर्म भरला. मार्चच्या सुरुवातीला साचलेले पैसे आले.

त्या रात्री मी मुलीवर उगाच चिडलो. ‘‘तुमचा हा दर्शनी भाग! माझी आई तीन महिने मेलेली होती त्याच्यापुढे!’’ ती उठली, आतून ते चौकडीचं पुस्तक घेऊन आली आणि फसाडचं प्रकरण उघडून मला वाचायला दिलं. इंग्रजी अवघड होतं, पण मुद्दा कळला. चौघांनी उदाहरण घेतलं आहे कंपायलरचं, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या दुभाष्याचं. बहुतेकांना फक्त ‘हे उतरवून दे’ एवढंच म्हणायचं असतं. त्यांच्यासाठी दर्शनी भाग. पण काहींची गरज निराळी असते, त्यांना आतल्या एखाद्या भागाशी थेट काम असतं. लेखक स्पष्ट सांगतात, की दर्शनी भागानं अशांची वाट अडवायची नाही. सोपा रस्ता द्यायचा, पण तोच एक रस्ता उरवायचा नाही.

‘‘म्हणजे पुस्तकात आहे,’’ मी म्हणालो.

‘‘पुस्तकात आहे,’’ ती म्हणाली. ‘‘बांधताना गाळतात. खर्च वाचतो.’’

तेव्हा मला आपल्या वाड्यांचा दिंडी दरवाजा आठवला. मोठ्या दरवाजाच्या फळीतच एक लहान दार असतं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातही आहे. मोठा दरवाजा मिटला तरी अवेळी आलेला माणूस, बाळंतिणीसाठी निघालेली सुईण, निरोप्या, यांना वाकून आत-बाहेर करता येतं. पहारेकरी तिथेच असतो, तो बघून सोडतो. तुम्ही म्हणाल, कचेऱ्यांना मागचा दरवाजा काय कमी असतो! असतो, पण तो मागे असतो, तो ठाऊक असायला वशिला लागतो. दिंडी दरवाजा पुढे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मोठ्या दरवाजाच्या अंगातच असतो. अम्मीचा छापील फॉर्म नियमात होता. पण तो पुढे दिसत नव्हता आणि आम्हाला तो सापडला ते एका कारकुनाच्या भल्या स्वभावामुळे. दारावर दिंडी कोरलेली असती तर त्या खिडकीतल्या सज्जन मुलालाही हात हलवत बसावं लागलं नसतं.

मुलीनं नंतर तिच्या कामात एक छोटी गोष्ट केली. ती ज्या प्रोग्रॅमवर काम करते तिथे लोकांना अर्ज भरायचे असतात. प्रत्येक ‘जुळत नाही’च्या खाली तिनं एक बटण सुचवलं: ‘माणसाशी बोलायचं आहे’. वरिष्ठांनी विचारलं, त्या बटणाच्या पलीकडे बसवायचा माणूस कुणाच्या पगारात? प्रश्न चुकीचा नव्हता. दिंडीला पहारेकरी लागतोच. आठ महिने कागद फिरला. आता बटण आहे, सकाळी दहा ते पाच. पाचनंतर दाबलं तर उद्या या म्हणून सांगतं.

मधली दोन वर्षं अम्मीचा दाखला आम्ही कागदावरच दिला. २०२२ च्या नोव्हेंबरात मुलगी म्हणाली, ‘‘दादी, आता बोट नको. मोबाइलवर चेहरा दाखवला की होतं.’’ अम्मीला आधी विश्वास बसेना. ‘‘म्हातारा चेहरा त्याला ओळखू येईल?’’ तिनं विचारलं. उजेडासाठी आम्ही तिची खुर्ची गॅलरीत नेली. तिनं ओढणी नीट केली, कपाळावरचे केस मागे सारले, लग्नाचा फोटो काढायला बसावं तशी बसली. मुलीनं मोबाइल समोर धरला. पडद्यावर एक गोल उमटला, त्यात अम्मीचा चेहरा आला आणि खाली सूचना आली, डोळ्यांची उघडझाप करा.

‘‘दादी, डोळे मिटा आणि उघडा.’’

अम्मीनं डोळे मिटले. इतका वेळ मिटले, की आम्ही दोघंही तिच्याकडे पाहू लागलो. मग तिनं ते उघडले आणि विचारलं, ‘‘झाली का मी जिवंत?’’